ठाण्याच्या आवारात उघडलेलं इंजिन

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण एका जुन्या मोटारीची चौकशी काही केल्या मनातून जात नाही.

मी तेव्हा शहापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आसनगावच्या एका गृहस्थांनी आपल्या ड्रायव्हरने मोटारीत गडबड केली, असा तक्रार अर्ज दिला. त्यांच्या वडिलांची, म्हणजे आप्पांची, जुन्या काळातली मोटार ओळखीपाळखीच्या लग्नांत नवरदेवासाठी दिली जायची. अशीच मुरबाडहून येताना किन्हवलीच्या अलीकडे ती तापली, बॉनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन जाम झालं. नवरदेव बाशिंग सांभाळत टेम्पोतून मांडवात पोहोचला.

त्यातच ठाण्यात निनावी फोन आला. ड्रायव्हरला कल्याणच्या भंगार बाजारात पाहिलंय, इंजिनचं अस्सल हेड, म्हणजे वरचं झाकण, विकून त्याने टाकाऊ हेड बसवलंय, असं फोन करणारा सांगत होता. असे फोन करणाऱ्यांना सगळं ठाऊक असतं, फक्त स्वतःचं नाव तेवढं आठवत नाही. तरी खबर म्हटली की तपासावी लागतेच.

ड्रायव्हर पन्नाशीचा, मुरबाडकडचा, तरुणपणापासून त्याच घरात कामाला. त्याला समोर बसवलं.

"कल्याणला गेला होतास?"

"गेलतो, साहेब."

"कशाला?"

"ते नाय सांगता येनार. पन मी काय विकलं नाय."

चोर भरपूर बोलतो आणि काहीच कबूल करत नाही. हा अर्धं कबूल करून गप्प बसला. दरडावून पाहिलं, समजावून पाहिलं, मान वर होईना. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. गुन्हा दाखल झाला असता तर त्याच्या हाती पुन्हा कोणी गाडी दिली नसती. दुसरं काही काम त्याला येत नव्हतं.

शेवटी ठरवलं, इंजिनच उघडायचं. मोटार ओढून ठाण्यात आणली, पंच बोलावले, मुरबाडहून एक मिस्त्री आणला. तक्रारदार आले, सोबत काठी टेकत आप्पाही आले. ठाण्याच्या आवारात ताडपत्री अंथरून पंचनामा सुरू झाला. ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकाशी जुळला. हेडच्या बोल्टांवरचा जुना रंग कुठेच तुटलेला नव्हता, म्हणजे हेड अनेक वर्षांत कोणी काढलेलंच नव्हतं. फोनवरची खबर तिथेच निकालात निघाली.

हेड निघालं. त्याखालचं गॅस्केट जळून फाटलेलं, दोन पिस्टन ओरखडलेले. पाणी फिरण्याच्या वाटा कसल्याशा पिवळट गाळाने पार बुजल्या होत्या. रेडिएटरमध्येही तोच गाळ. मिस्त्री साबण लावून हात धुवायला बसला आणि त्याचे हात लालभडक झाले. पाणी ओतणारी आमची महिला शिपाई हसली.

"साहेब, ही तर हळद हाय! साबन लागला की लाल होते."

रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची, म्हणजे भोक बुजतं, ही आमच्याकडची जुनी युक्ती. एकदोनदा चालते. इथे मुठीवर मूठ पडली होती आणि पाण्याच्या वाटाच बुजून इंजिन तापलं होतं.

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो आप्पांकडे पाहत होता.

"हळद मीच टाकली," आप्पा म्हणाले. "गळती कळली असती तर पोरानं गाडी भंगारात घातली असती. याला बोललो, कोनाला सांगू नको. जुना रेडिएटर मिळतो का बघायला हा कल्यानला गेलता."

मुलगा चिडला. "आप्पा, मग इतके दिवस बोलला का नाही?"

आप्पा मुलाकडे वळले. "तेव्हा तरी गाडी वाचेल वाटलं रे. आता गाडी विक, भंगारात दे. पन याला चोर नको म्हनू."

मुलगा उघड्या इंजिनपासून दूर झाला. मग आत येऊन अर्ज मागे घेत असल्याचा जबाब त्याने दिला. बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाला, "चला काका, घरी जाऊ." ड्रायव्हर तेव्हा कुठे रडला. मलाही भरून आलं, पण वर्दीत ते दाखवायची सोय नसते.

चौकशीत गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. त्यात खोटं काही नाही. पण त्या दिवसापासून अशा माणसासमोर बसलो की मी आधी स्वतःला विचारायचो, हा लपवतोय ते कोणासाठी?