राजधानीचा नकाशा घेऊन सांगलीच्या पुलावर

ग्रेस पुण्यात माझ्या गाडीत बसली. ती आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाची नगररचनाकार. त्यांची नवी राजधानी नदीकाठी उभी राहतेय आणि आराखड्याला मदत आमची, पुण्याच्या टीमची. तिथली शाळा कुठे बांधायची, ते मी ठरवलं होतं. सोमवारी नकाशावर दोन्ही देशांच्या सह्या होणार होत्या. त्याआधी ग्रेसला आपल्या जुन्या संस्थानी राजधान्या बघायच्या होत्या, म्हणून औंध आणि सांगली.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला जा. रस्ता बरा आहे. उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर मात्र घाई विसरा. यमाईच्या डोंगरावरून खाली बघत ग्रेस म्हणाली, "अख्खी राजधानी एका नजरेत! इथे चूक झाली तर राजाला खिडकीतून दिसत असेल." ती हसली. मला हसू आलं नाही. तिची राजधानी मी फक्त स्क्रीनवर पाहिली होती.

विट्यात पोटभर जेवून घ्या. झुणका-भाकरी आणि ताक, दोघींचं तीनशेत झालं. ग्रेसनं ठेचाही खाल्ला, वर पाणी मागितलं नाही.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ चहाला थांबलो. पूर इथवर येतो का, असं मी टपरीवाल्या काकूंना विचारलं.

"येतो की! आमच्या हितं त्रेचाळीसला पानी येतंय बगा. समोरच्या दवाखान्यात पंचेचाळीसला."

पुलापाशी पाणी फुटांत मोजतात, आणि नदीकाठच्या प्रत्येकाला आपल्या उंबऱ्याचा आकडा पाठ असतो. सामान कधी हलवायचं ते त्यावर ठरतं.

"आकडे कुणी सांगितले?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? घरात येऊन गेलंय न्हवं पानी!"

मी हे ग्रेसला सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. "मग आपल्या शाळेचा आकडा किती?"

माझ्याकडे उपग्रहाची चित्रं होती, उंचीच्या रेषा होत्या. आकडा नव्हता. तिथल्या एकाही माणसाला मी विचारलं नव्हतं. फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

नव्या राजधानीच्या जागी आज जे गाव आहे, तिथे राहणाऱ्या आपल्या मावशीला ग्रेसनं तिथूनच फोन लावला. मोठ्या पुरात गावातल्या चर्चच्या पायऱ्या बुडतात, असं मावशी म्हणाली.

घरी आले. सांगलीहून आणलेली भडंगाची पिशवी तशीच ठेवून नकाशा उघडला. चर्च सापडलं. त्याच्या खालच्या अंगाला, नदीच्या बाजूला, माझी शाळा होती. टीमच्या प्रमुख सरांना फोन केला.

"दोन देशांचे अधिकारी थांबवायचे? पुरावा काय तुझ्याकडे?"

"ग्रेसची मावशी," मी म्हटलं.

सह्या पुढे ढकलल्या गेल्या. ग्रेस परतली आणि पाणी कुठवर येतं ते घरोघर विचारत फिरू लागली. मी रोज सकाळी भीत भीत फोन बघायचे. काल तिचा फोटो आला. शाळेच्या जागेशेजारच्या घरात, पुराच्या जुन्या डागाला लागून ती उभी आहे. डाग तिच्या खांद्यापर्यंत येतो, आणि ग्रेस माझ्याहून वीतभर उंच आहे. त्या घराशेजारीच मी नकाशावर पहिलीचा वर्ग काढला होता.