जमनामावशीची करवंदं

आता आपल्याच हाताने आपली अब्रू काढायची, तर कुठून सुरुवात करू? करवंदांपासूनच करते.

घोलवडला आमच्या वाडीत जमनामावशी चिकू उतरवायला येते. तलासरीकडची. मे महिन्यात पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन यायची. दरवर्षी, न मागता!

गेल्या वर्षी पप्पांना डायबिटीस निघाला. मी मोबाइलवर वाचलं, करवंदाच्या रसाने साखर उतरते. उपाशीपोटी घ्यावा.

मावशी म्हणाली, "फळ आहे ते, बाय, औषध नाही. भरल्या पोटी चार खाऊ दे त्यांना."

मी बी.एस्सी. झालेली! मी कशाला ऐकतेय?

सकाळी पप्पांना नेहमीची गोळी दिली, वर पेलाभर रस. नाश्ता? रसाला नीट काम करू द्यायला नको का? नाश्ता बंद!

तासाभरात पप्पांना दरदरून घाम. हात थरथरायला लागले.

"जीभ दाखवा!"

जीभ काळीजांभळी! झालं! धावले ते थेट शेडमध्ये. दहाबारा बायका चिकू खोक्यांत भरत होत्या.

"मावशी, काय आणलंस तू? विष घातलंस माझ्या बापाला!"

हो, हेच शब्द. सगळ्यांसमोर. मावशीच्या हातातला चिकू हातातच राहिला.

डहाणूला दवाखान्यात डॉक्टरांनी आधी पप्पांना ग्लुकोज दिलं, मग माझ्याकडे वळले.

"गोळी दिली होती?"

"दिली."

"त्यावर खायला?"

"रस."

"खायला, म्हणतोय मी."

"...उपाशीपोटी लिहिलं होतं."

"म्हणून साखर एवढी उतरली!"

"पण डॉक्टर, जीभ..."

"करवंदं खाल्ल्यावर तुमची कुठल्या रंगाची होते?"

पप्पा पडल्यापडल्या म्हणाले, "हिला मेडिकलला नंबर लागला नाही तेच बरं झालं."

मावशीची माफी मागितली. "असू दे, बाय," एवढंच म्हणाली. कामाला येत राहिली. यंदाचा मे आला, द्रोण काही आला नाही.

शेवटी मीच गेले, स्टेशनच्या रस्त्याला ती करवंदांची पाटी घेऊन बसते तिथे. "मावशी, मला दे ना करवंदं."

तिने द्रोण भरला. त्यातलं एक उचलून माझ्याकडे बघत सावकाश चावलं.

"पाच मिनटं थांब, बाय. मी पडले नाही, तर घेऊन जा."

आजूबाजूच्या बायका खदाखदा हसल्या. मावशी हसली नाही.

आणि मी? सांगायला लाज वाटते. मी घड्याळ पाहिलं!