शेजारच्या खोलीपर्यंत

“हे चार डॉक्टर एका छपराखाली राहिले ते करारामुळे, विश्वास कसला!” आमच्या दवाखान्याविषयी गावात असे बोलतात. मला हे साफ अमान्य आहे.

आज सकाळीच आमचे धाकटे भागीदार एका आजींना हाताला धरून शल्यचिकित्सक सबनीसांच्या खोलीकडे नेत होते.

“मला टाळतोस होय रे, डॉक्टरा?”

“नाही आजी, माझ्याहून जाणत्या हातांत देतोय.”

रुग्णाला नुसती चिठ्ठी देऊन पाठवायचे नाही, स्वतः उठून पोहोचवायचे, हा आमचा रिवाज करारात कुठेही नाही. त्या दहा पावलांत रुग्णाचे भय निम्मे होते, आणि नेणाऱ्याचा अहंकारही.

तरीही कोणाला शंका असेल, तर ऐका: माझ्या पत्नीवर शस्त्रक्रियेची वेळ आली, तेव्हा मी तिला शहरात नेले नाही, सबनीसांच्या हवाली केले.