अण्णा कुणालाच वाचवत नसत

लहान मुलांच्या पुस्तकांत माझ्या वडिलांच्या आतेभावाइतके ससे आजवर कुणी मारले नसतील. कानडी मुलखातलं आमचं सगळं बसवनगुडी त्यांना अण्णा म्हणे. पन्नास-साठच्या दशकांत ते दिवसा एका सरकारी कारखान्यात नकाशे काढत आणि संध्याकाळी मुलांसाठी गोष्टी लिहीत. पुस्तकं पुण्याला छापली जात. मुखपृष्ठावर गोजिरवाणं पाडस असायचं. ते शेवटच्या पानापर्यंत टिकलं तर त्याचं नशीब. प्रकाशक काकुळतीला येऊन लिहायचे, "एखादं तरी पात्र जिवंत ठेवा, आयांच्या तक्रारी येतात." अण्णा म्हणत, "मुलांशी खोटं बोलायला घरची माणसं आहेत की. त्यात आणि मी कशाला?"

रविवारी आमच्या कट्ट्यावर ते नवी गोष्ट वाचून दाखवत. मधोमध भाजक्या शेंगांची पुडी असायची, पण थोड्याच वेळात शेंगा राहायच्या बाजूला आणि मुलं भोकाड पसरायची. शेजारच्या काकू एकदा हात जोडून म्हणाल्या, "अण्णा, आज स्वल्प सुखाचं वाचा हो." "सरी, सरी, बरं तर," अण्णा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी फक्त एक खार मारली. एवढं होऊनही पुढच्या रविवारी तीच रडकी मुलं सगळ्यांच्या आधी येऊन बसत. अण्णा आपल्याला फसवत नाहीत, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

मी सात वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ बाबू घटसर्पानं गेला. मला कुणी सांगितलंच नाही. "होसकोटेला आत्याकडे गेलाय," एवढंच जो तो म्हणे, आणि आई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसलेली असे. माझा विश्वास बसेना. रविवारी अण्णा रिकाम्या हातांनी आले. मी सरळ विचारलं, "अण्णा, बाबू परत येणार ना?" आई दाराशी येऊन उभी राहिली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"येईल," ते म्हणाले.

अण्णांनीच सांगितलं म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. कितीतरी महिने लाडवातला अर्धा बाबूसाठी काढून ठेवत होते. खरं काय ते पुढे शाळेतल्या एका मुलीकडून कळलं.

त्या रविवारनंतर अण्णांनी एक ओळही लिहिली नाही. प्रकाशक विनवून विनवून थकले. मी कॉलेजात गेल्यावर एकदा धीर करून अण्णांना कारण विचारलं. चष्मा पुसत ते म्हणाले,

"वहिनींचा चेहरा बघितला आणि शेवट बदलावासा वाटला गं. एकदा बदलता येतो म्हटलं, की मग बाकीच्या सगळ्यांना का मारलं, ह्याला माझ्याजवळ उत्तर राहिलं नाही."

मला त्यांचा रागही आला होता कधीकाळी. पण त्यांनी 'येईल' म्हटलं त्या रात्री, बाबू गेल्यापासून पहिल्यांदाच, मी गाढ झोपले होते. ते मी त्यांना सांगितलं. अण्णांनी माझा हात हातात घेतला.