पुढाकार घ्यायचं ट्रेनिंग

आमच्या खात्यात किस्से जमवावे लागत नाहीत, पाण्याच्या टाकीत गाळ साठतो तसे ते आपोआप साठतात. ऐकणारे पोट धरून हसतात. मीही हसायचे. पण हे शेवटचे पाच आठवले की अजून डोकं तापतं!

मी जत तालुक्यात अंगणवाड्यांची सुपरवायझर. मुलांची वजनं, खाऊ, लसी, शिवाय गावात बालविवाह ठरला तर तो थांबवायची धावपळ, सगळं आमच्याच गळ्यात. मध्यंतरी सांगली-सातारा दोन्हीकडच्या सुपरवायझरना तीन दिवस साताऱ्याला बोलावलं. विषय, नेतृत्व विकास!

*

पहिल्या दिवशी पुण्याच्या ट्रेनर मॅडमनी विचारलं, "मोठा निर्णय घ्यायची वेळ आली तर काय कराल?"

उंब्रजकडची एक सुपरवायझर म्हणाली, "फाइल वर पाठवू."

"उत्तर आलं नाही तर?"

"स्मरणपत्र."

"तरीही नाही आलं तर?"

"तवर आमची बदली हुती की वं, मॅडम!"

सगळा हॉल हसला. मॅडमनी ते फळ्यावर लिहून घेतलं!

*

मग विश्वासाचा खेळ. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, दुसऱ्यानं त्याला हाताला धरून न्यायचं. आमच्याबरोबर आलेल्या तालुक्याच्या अधिकारी साहेबांना पट्टी बांधली, पण त्यांचा हात धरायचा कुणी? कुणी पुढंच होईना.

शेवटी पट्टीतूनच साहेब ओरडायला लागले, "डावीकडे वळा! सावकाश! रांग मोडू नका!"

आणि आम्ही डोळे उघडे असलेल्या चाळीस बायका मुकाट वळत होतो. मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड!"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमनअक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे माझ्या हाताखालच्या गावातल्या अंगणवाडी सेविका.

"मॅडम, नववीतल्या पोरीची उद्या सकाळी हळद हाय. लगीन बी उद्याच. काय करू?"

"ग्रामसेवकांना सांगितलंत?"

"ते बी ट्रेनिंगला गेल्यात!"

मी साहेबांकडे धावले. म्हटलं, आत्ता निघते. साहेब म्हणाले, "मधेच गेलात तर सर्टिफिकेट मिळणार नाही. त्यांना म्हणावं, लेखी कळवा. परस्पर काही करू नका."

मी परत जाऊन खुर्चीवर बसले. साहेबांचा राग येतोच, पण त्याहून जास्त मला माझा येतो. मी बसले! समोरचा विषय होता, 'पुढाकार घ्या'.

*

अक्का मात्र बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्याला फोन लावला, अंगणवाडीतली जुनी वजनाची वही काखेत मारली आणि थेट मांडवात गेल्या. नवऱ्याकडच्यांनी विचारलं, "तुमी कोण?"

"हिचं पयलं वजन मी केलंय. हिचं वय मला इचारा. पंधरावं चालू हाय! आता हिला हळद लावायची असंल तर आदी ह्या वहीवर लावा."

पोरीचा चुलता अंगावर धावून आला. अक्का हलल्या नाहीत. पोलिसांची गाडी येईपर्यंत पोरीचा हात धरून बोहल्यावरच बसून राहिल्या. नवरदेव आल्या पावली परत गेला. सोमवारी पोरगी वर्गात होती.

लग्न थांबलं त्याच दुपारी साताऱ्यात टाळ्यांच्या गजरात मला 'उत्तम नेतृत्व' लिहिलेलं सर्टिफिकेट मिळालं.

*

पुढच्या आठवड्यात अक्कांना पाकीट आलं. सत्काराचं असेल म्हणून त्यांनी माझ्यासमोरच फोडलं. आत कारणे दाखवा नोटीस! 'वरिष्ठांची पूर्वपरवानगी न घेता परस्पर विवाह थांबवल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये? तीन दिवसांत खुलासा करावा.'

अक्कांनी चष्मा लावला आणि तिथंच खुलासा लिहिला. मी एक अक्षर बदललं नाही. खाली सही केली, शिक्का मारला आणि वर पाठवून दिला.

'साहेब, विनापरवानगी लग्न थांबवले, चूक मान्य आहे. मुलगी सध्या शाळेत जाते. लग्न परत लावून द्यायचे असल्यास तसा आपल्या सहीचा लेखी आदेश मिळावा, ही विनंती.'