दहा चौरस फूट उजेड

गल्लीत तिला सगळे ओळंबाबाई म्हणत. भिंत सरळ उभी आहे की कललीय ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं. शेजाऱ्याचं कुंपण असो की वाण्याचा तराजू, जे वाकडं दिसेल ते ही बाई तिथल्या तिथं बोलून दाखवायची, आणि ऐकणाऱ्याचं तोंड कडू व्हायचं.

नवरा गवंडी. लग्नानंतर वर्षभर तिनं त्याच्या हाताखाली माल कालवला. मग एक दिवस "तुमच्यापेक्षा माझी वीट सरळ बसते" म्हणून त्याच्या हातातली थापी काढून घेतली. राहतं घर दोघांनी मिळून बांधलं. वर स्वतःपुरतं, खाली मागच्या अंगाला भाड्याची एक खोली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी लोकांच्या भिंती लिंपायला ती अजून जात होती.

खालच्या खोलीत चोवीस वर्षं घड्याळजी राहत होते. नवऱ्याचे दोस्त, म्हणून ती त्यांना भावजी म्हणे आणि ते तिला वहिनी. वय पंचाहत्तर, गुडघे कामातून गेलेले, पुढंमागं कुणी नाही. भर दुपारी टेबलावर दिवा लावून, डोळ्याला भिंग चढवून ते लोकांची घड्याळं दुरुस्त करत. बंद पडलेलं यंत्र चालू झालं की स्वतःशीच "हां!" म्हणत. तो हुंकार वर ऐकू यायचा.

अशात घरभाड्याचा नवा कायदा आला आणि घरोघरी पत्रं गेली. भाड्याच्या खोलीत खिडकीची उघडी जागा जमिनीच्या एक दशांश तरी हवी. नसेल तर खोली भाड्यानं देता येणार नाही, राहणाऱ्यानं महिन्याभरात बाहेर पडायचं. खोली दहा बाय दहाची. खिडकी म्हणाल तर पंचाएवढी.

पत्राचा वास लागल्यासारखा भाचा हजर झाला. तो घरांची दलाली करायचा. आत्याला मूलबाळ नाही म्हटल्यावर हे घर आपलंच, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. आयत्या बिळावरचा नागोबा.

"आत्या, लॉटरी लागली बघ! आपण काढलंच नाही त्यांना, कायद्यानं काढलं. सापही मेला आणि काठीही मोडली नाही. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. अख्खं घर घेतंय, फक्त रिकामं हवं म्हणतंय."

"साप कोण रे? भावजी?"

भाच्यानं खिशातून फोन काढला आणि त्यात डोकं घातलं.

ती तरातरा खाली गेली. घड्याळजी छोटे छोटे स्क्रूड्रायव्हर वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

"वहिनी, माझ्यासाठी सरकारशी वैर नको. बघतो मी कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे कुठं? पत्ता सांगा."

पत्ता नव्हताच. तिनं टेबलावरचा दिवा बंद केला. बाहेर टळटळीत ऊन, आणि आत समोरच्या माणसाचं तोंड दिसेना. तिथं तिला खरा राग आला, आणि तो कायद्यावर नव्हता. दुसऱ्यांच्या भिंतींतला सूतभर कल दिसणाऱ्या आपल्या डोळ्यांना हा काळोख चोवीस वर्षं दिसला नाही, आणि तो सांगायला सरकारी कागद यावा लागला, याची तिला भयंकर लाज वाटली.

"ते सामान सोडा आधी," ती म्हणाली. "भिंत माझी आहे. मी फोडीन."

भिंत तिनं एकटीनं फोडली. वरच्या विटांचा भार पेलायला लिंटल टाकलं, कडा घासल्या, सुताराकडून चौकट आणून बसवली. चार फूट बाय अडीच फूट, बरोबर दहा चौरस फूट. कायद्यानं दहा मागितले होते, तिनं दहा दिले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तपासनीस आला. भाचाही आला होता, मजा बघायला. तपासनिसानं चौकटीच्या आतून टेप लावला.

"साडेतीन बाय दोन. सात फूट भरते, बाई."

"दहा आहे! माझ्या हातानं मोजलंय."

इथंच घोडं पेंड खात होतं. गवंड्याची खिडकी म्हणजे भिंतीतलं भोक. चौकट सुताराची, ती गवंडी कधी मोजतच नाही. चाळीस वर्षांच्या सवयीनं तिनं भोक मोजलं होतं, आणि चौकटीनं चारी बाजूंनी तीन तीन इंच खाल्ले होते.

"चूक झाली असेल, पण पास खोल्यांची यादी आज पाचला बंद होते," तपासनीस म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण हातात नापासाचा कागद होता. घड्याळजींनी स्क्रूड्रायव्हर गुंडाळायला वर्तमानपत्र पुढ्यात ओढलं.

"वाजले किती, भावजी?"

"सव्वाचार."

"मग बसा साहेब. पाच कुठं वाजलेत?"

ती पहार घेऊन आली. पदर खोचला, पहारीचं टोक चौकटीखाली घातलं आणि सगळा भार टाकला. सिमेंट अजून कच्चं होतं. नवीकोरी चौकट करकरली, एका बाजूनं सुटली आणि धाडकन अंगणात पडली. भाचा ओरडला, "आत्या, वेड लागलं का तुला?" तिनं कडेचा राडारोडा हातानंच साफ केला आणि घाम पुसत तपासनिसाकडे वळली.

"आता मोजा."

"बाई, चौकटीशिवाय खिडकी असते का?"

"तुमच्या कायद्यात उघडी जागा लिहिलीय. चौकट कुठं लिहिलीय ते वाचून दाखवा."

त्यानं कागद खरंच वाचला. पुढून वाचला, मागून वाचला. मग टेप लावला. चार फूट बाय अडीच. त्यानं सही केली आणि जाताना म्हणाला, "चौकट बसवायची तर भोक मोठं करा."

"उद्याच करते. टेप घेऊन या."

अंगणातून खोलीत ऊन आलं होतं, थेट टेबलापर्यंत. घड्याळजी त्या उजेडात आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघत होते, जणू कुणा दुसऱ्याचेच. तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं आणि फोन कापायला गेला.

"कापू नकोस," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आहे ना? उचल. सांग त्याला, घर रिकामं नाही. खाली माझे भावजी राहतात."