मुखवटा काढणारा हिरो

खर्डीकडच्या आमच्या गावात बोहाड्याला देवांचे मुखवटे घालून नाचतात. त्यातला नरसिंह वर्षानुवर्षं एकच: कशालाही नाक मुरडणारे आमचे शेजारी. त्यांना मी कौतुकाने कल्याणला नेऊन कॉमिकमधल्या सुपरहिरोचा कोट्यवधींचा सिनेमा दाखवला. अहाहा, काय त्या इमारती कोसळल्या, काय ते आभाळ फाटलं! हे आपले शेंगा सोलत बसले. मग हिरोने ऐन लढाईत नटीपुढे मुखवटा काढला. हे ताडकन उठले.

"खेळ बाकी, नि मुखवटा काढतो? भिकार सोंग! चला भाऊ!"

यंदा बोहाड्यात नाचता नाचता त्यांना घेरी आली आणि ते मटकन खाली बसले. आम्ही मुखवटा सोडवायला धावलो, तर आतून आवाज आला, "हात नाय लावायचा! फेरी बाकी हाय. मी काय तुमचा तो शिनेमावाला हाय?"